हिश्श्याचे ढेमसे

(रंगमंचावर पाट, विळी आणि तोंड बांधलेली मोठी कापडी पिशवी. वाशीमची चाळिशीतली गृहिणी पदर खोचत येते. पिशवीकडं संशयानं पाहते.)

थांबा, टाया मंग वाजवा. आमच्या घरी पत्ते नाई, सट्टा नाई, पन दर शनिवारी जुगार असते. तो हा! (पिशवीवर हात आपटते.) ह्यातून काय निंघन ते मले मालूम नाई, आमच्या ह्याइले मालूम नाई, अन् ज्यानं भरली त्याले तोडेलोक मालूम नवतं.

तं झालं असं, आमच्या ह्याइनं हिस्सा घेतला. वावराचा नाई वं माय! वावराचा घेतला असता तं मी इथं बोलाले आली असती का? भाजीचा! गावाबाहेर एका भाऊचं वलिताचं वावर हाय. सारा वाशीम जिल्हा सोयाबीन पेरते, हा एकटा भाजी लावते. आपन पाडव्याले त्याले मोसमाचे पैसे आगाऊ द्याचे, अन् त्यानं हप्त्याच्या हप्त्याले निंघन ते आनून द्याचं. आयका बरं, निंघन ते. पाहिजे ते नाई.

मी म्हनलं, "अहो, बजारात मी वांगं दाबून पायते, भाव करते, वरतून सांभार फुकट घेते. हे सुख सोडून आगाऊ पैसे काहून?" तं हे चष्मा सारखा करून म्हनते, "जगात चालते हे. जपानात १९७० च्या पुढं सुरू झालं, तेइकेई म्हनते त्याले. अमेरिकेत १९८६ पासून हाय."

आत्याबाई बाजेवर पडेल होत्या. थ्या उठून बसल्या. "अन् आपल्याइकडचं बलुतं काय अमेरिकेतून आलं होतं? सुतार सालभर तिफन, वखर नीट करून दे. खयावर रास झाली का त्यातलं घे. पिकलं तं पायलीनं, नाई पिकलं तं पसाभर. आता तुमी झाले सुतार. रांधा!"

(पाटावर बसते.)

पहिला पानी पडला. पहिली पिशवी आली. उघडली. तरोटा! भाऊ म्हने, "वहिनी, भाजी लहान हाय अजून, तोलोक हे घ्या." आता तरोटा म्हंजे बांधावर आपोआप येते, त्याले कोनी इचारत नाई. पैसे मोजून तन घेनारी जिल्ह्यातली पहिली बाई मी! पन थांबा. ९ ऑगस्टले कृषी खात्याचा रानभाजी महोत्सव असते ना, २०२० पासून सुरू केला, तिथं गेली तं टेबलावर तोच तरोटा, चिठ्ठी लावून, गुन लिहून! बाया वाकून वाकून पायत. मी मांगून म्हनलं, "आमच्या घरी तं नेहमीच असते." एवढी इज्जत मले लग्नातबी भेटली नवती.

मंग कटुरले आले. मोजून तीन! घरात खानारे पाच. आत्याबाईनं इळी घेतली अन् वाटन्या केल्या. तलाठ्यालेबी जमल्या नसत्या. 

अन् मंग... (पिशवीत हात घालते. चेहरा पडतो. एक ढेमसं बाहेर काढते.) हे.

ढेमसं. गोल, गुयगुयीत, निर्लज्ज. भरून केलं. रस्सा केला. चन्याची डाय टाकून केलं. किसून थालीपिठात दडवलं, तं पोट्टं थालीपीठ उजेडात धरून म्हनते, "आई, मले दिसून रायलं!" सरकार आमाले २०१८ पासून आकांक्षित जिल्हा म्हनते. माही आकांक्षा एकच हाय बाप्पा, एक शनिवार ढेमश्याबिगर. आमचे हे समजूत घालते, "अवं, हे गाव म्हंजे जुनं वत्सगुल्म. वाकाटकांची राजधानी होती इथं." मी म्हनलं, "मंग ते राजे गेले कायच्यानं? सायंपाकघरात इचारा."

(एकदम हळू आवाजात.) पन एक गोष्ट झाली, कोनाले सांगू नका. पान्यानं दडी मारली. पहिले पानी नाई आला तं मी म्हनो, बरं झालं, कपडे वायतात. आता आभायाकडं पायते तं पोटात कालवते. माहे वांगे हायत ना तिकडं! वावरातली लाईन एक हप्ता दिवसा, एक हप्ता राती. राती भाऊ मोटर लावाले उठते, तवा मीबी उठते. फोन लावते, "भाऊ, आली का लाईन? भेदराले पोचलं का पानी?" हे दवाखान्यात भरती होते तवा मी इतकी जागली नवती. ह्याचे पैसे आगाऊ देल्ले नवते ना!

हिवाळा आला अन् भाजीचा पूर आला. मेथी, पालक, वांगे, हरभऱ्याची भाजी, तुरीच्या शेंगा! सोले काढू काढू नखं काये झाले, पन सोल्याची आमटी अन् गरम भाकर... (डोळे मिटते.) त्या दिवशी कोनी कोनाशी भांडलं नाई. भेदराचं गनित मात्र उलटं. बजारात मातीमोल झाले का आमच्या पिशवीत तुडुंब, बजारात महाग झाले का आमच्या पिशवीत दोन. २०१६ मधी सरकारनं भाजी बजार समितीच्या बंधनातून मोकयी केली म्हने. मोकयी झाली अन् सारी माह्या ओट्यावर आली.

आजकाल जिल्ह्यात चियाबी पेरून रायले लोक. भाऊनं मूठभर देला. मी राती भिजू घातला. सकायी आत्याबाईनं वाटी पायली अन् बोंब मारली, "बेडकाचे अंडे कोनं आनले वं घरात?"

यंदा पाडव्याले भाऊ पैसे न्याले आला. आत्याबाईनं त्याले पुरनपोयी वाढली, वरतून तूप सोडलं, अन् गोड आवाजात इचारलं, "बाबू, ढेमश्याचं बी कुठं ठेवतं रे?"

"घरी हाय, मडक्यात."

"आनून दे मले. मी ठेवतो नीट." 

देलं बाई त्यानं. भोया मानूस! आत्याबाईनं पुरचुंडी उशाखाली घातली अन् मले डोया मारला. मी देवापुढं साखर ठेवली. परवा उशी झटकाले गेली, तं पुरचुंडी अर्धी! इचारलं तं थ्या दाराकडं पायत म्हनते, "परसात लावलं वं थोडं. येनार नाई म्हनल्यावर खावसं वाटलं."

(अंधार.)