चोर माझ्याच नावाचा

कॉम्प्युटरमधलं मला बरंच कळतं, असा आमच्या सोसायटीत एक समज होता. तो पसरवण्यात माझा स्वतःचा वाटा मोठा. कुणाचा प्रिंटर अडला की मी जायचो, वायर काढून परत लावायचो आणि 'ड्रायव्हरचा प्रॉब्लेम होता' असं गंभीरपणे सांगून चहा पिऊन यायचो. २००७ साली, विंडोज एक्सपीच्या जमान्यात, एवढ्या भांडवलावर माणूस तज्ज्ञ म्हणून आरामात खपत असे.

त्या वर्षी एका दिवाळी अंकाने माझा लेख स्वीकारला. मजकूर द्यायचा होता अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका डीटीपीवाल्याकडे, पेनड्राइव्हवरून. गणपती उठले की त्या दुकानाला श्वास घ्यायला फुरसत नसते. कथा, कविता, राशिभविष्य, लग्नपत्रिका, वधूवर मंडळाच्या याद्या, सगळ्यांचे पेनड्राइव्ह एकाच सीपीयूच्या एकाच भोकातून आतबाहेर चाललेले. माझाही जाऊन आला. येताना त्याने प्रुफांबरोबर 'ऑटोरन' नावाची एक चिमुकली फाइलही आणली. सीडी घातली की ती आपोआप सुरू व्हावी, म्हणून विंडोजने केलेली ही सोय. माय कॉम्प्युटरमध्ये जाऊन ड्राइव्हवर डबल क्लिक केलं की ती फाइल सांगेल तो प्रोग्रॅम आधी चालायचा. मी डबल क्लिक केलं. लगेच काही घडेना, म्हणून आणखी जोरात केलं.

रात्री बारावीतले आमचे चिरंजीव ऑर्कुट ही तेव्हाची सोशल साइट उघडायला गेले. खिडकी फटकन मिटली आणि मधोमध एक चौकट आली. ऑर्कुटवर बंदी आली आहे, असं तिच्यात इंग्रजीत लिहिलेलं. वर वाचणाऱ्याला मूर्ख म्हटलेलं आणि शेवटी राक्षसी हसू.

मला मनापासून आनंद झाला. त्या सुमारास ऑर्कुटवरच्या मजकुरावरून आपल्याकडे सायबर कॅफे फोडले गेले होते, त्यामुळे बंदी आली यात मला नवल वाटलं नाही. भाषा जरा उर्मट होती, पण बारावीच्या मुलाशी मीही त्याच भाषेत बोलत असे.

"बाबा, हा व्हायरस आहे," चिरंजीव म्हणाले.

"व्हायरस नुकसान करतो. याने काय नुकसान केलंय?"

त्यानंतर काही दिवस आमच्या घरात अभ्यासाचं असं वातावरण होतं की नातेवाइकांना बोलावून दाखवावं. मग एका सकाळी मी फायरफॉक्स उघडायला गेलो. तेही मिटलं. मुकाट्याने इंटरनेट एक्स्प्लोरर वापर, असा सल्ला आला आणि शेवटी मला उद्देशून एक शेलकं विशेषण. मुलाला मूर्ख म्हणणं वेगळं. मी बाह्या सरसावल्या.

चिरंजीवांनी मित्रांकडून माहिती काढलीच होती. हा प्राणी सी ड्राइव्हवर 'हीप४१ए' नावाच्या लपवलेल्या फोल्डरात राहतो आणि 'एसव्हीसीहोस्ट' हे नाव लावून फिरतो. मी कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबून टास्क मॅनेजर उघडला. यादीत एसव्हीसीहोस्ट एक नव्हे, चांगले सात-आठ. या नावाचा खरा प्रोग्रॅम विंडोजचाच असतो, नेटवर्क, आवाज वगैरे सेवा गठ्ठ्याने चालवतो आणि त्याच्या अनेक प्रती एका वेळी चालू असणं हेच धडधाकट प्रकृतीचं लक्षण असतं, हे ज्ञान मला नंतर प्राप्त झालं. तेव्हा मला दिसला तो शेजारचा 'युजर नेम'चा रकाना. काहींपुढे 'सिस्टिम', एकापुढे 'नेटवर्क सर्व्हिस', एकापुढे 'लोकल सर्व्हिस'. आणि दोघांपुढे चक्क माझं नाव.

आता तर्क बघा. सिस्टिम कोण, ओळख ना पाळख. नेटवर्क सर्व्हिस तर नावावरूनच बाहेरची. लोकल सर्व्हिसवर पुण्यात कोण विश्वास ठेवतो? राहिले माझ्या नावाचे दोघे, ते घरचे. त्यांच्या केसाला धक्का न लावता मी बाकीच्यांना वरून एकेक करून 'एंड प्रोसेस'चा हिसका दाखवायला सुरुवात केली.

पडद्यावर नवी चौकट आली. एनटी ऑथॉरिटी नावाच्या कुणा महामंडळाच्या हुकमाने हा कॉम्प्युटर बंद होत आहे, हातातली कामं सेव्ह करा. खाली साठपासून उलटे आकडे. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर नावाच्या वर्मने जगभरच्या कॉम्प्युटरांवर हीच चौकट आणून हाहाकार उडवला होता. मी ती कुठल्याही वर्मच्या मदतीशिवाय, केवळ स्वकर्तृत्वावर आणली.

"अहो, लेख सेव्ह केलाय ना?" आतून आवाज आला.

संपादकांना शेवट बदलून हवा होता आणि तो नवा शेवट वर्डमध्ये उघडा पडला होता. मी सेव्हचं बटण दाबलं. वर्डने फाइलला नाव विचारलं आणि पहिल्या ओळीवरून स्वतःच एक सुचवलं. मजकूर श्रीलिपी फॉन्टातला, त्यामुळे ते नाव म्हणजे नुसते कंस, डॉलर आणि टोप्या घातलेले 'ए'. असल्या नावाने आपलं लेखन जतन व्हावं, हे मला पटेना. पंचवीस. चोवीस. 'शेवट नवा' लिहिलं. फार सपाट वाटलं. 'अखेरचं वळण'? हे जुनाट. 'उत्तररंग' हे नाव सुचलं आणि आवडलंही, तेव्हा आठ राहिले होते आणि ते इंग्रजी अक्षरांत लिहिताना 'टी' किती घ्यायचे यावर मी अडलो.

'रन'मध्ये जाऊन 'शटडाऊन', स्पेस, डॅश, 'ए' एवढं लिहिलं असतं तरी ती उलटी मोजणी थांबली असती, असं चिरंजीवांनी अंधारलेल्या पडद्याकडे बघत सांगितलं.

मशीन पुन्हा सुरू झाल्यावर मी, व्हायरसच्याच आज्ञेनुसार, इंटरनेट एक्स्प्लोररवर उपाय शोधायला बसलो. तर उपायच मला शोधत आला. 'तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे, फुकट तपासणी करा.' कैलास काटकरांनी कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात करून क्विक हील अँटीव्हायरस उभा केला तो याच शहरात. पण तो विकत घ्यावा लागतो. 'फुकट' या अक्षरांवर माझी नजर ठरली. नेक्स्ट, नेक्स्ट, आय अॅग्री, फिनिश. तपासणीत लाल अक्षरांत शेकडो किडे निघाले. त्यातले काही ई ड्राइव्हवर होते. आमच्या कॉम्प्युटरला ई ड्राइव्ह नव्हता. तपासणी फुकट, सफाईला पन्नासेक डॉलर. आणि नाही दिले तर घड्याळाशेजारी दर थोड्या वेळाने लाल फुली उगवून कोकलणार.

अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने डिसेंबर २००८ मध्ये विनफिक्सर, ड्राइव्हक्लीनर, एक्सपी अँटीव्हायरस अशा नावांनी हाच धंदा करणाऱ्या एका टोळीला कोर्टात खेचलं. दहा लाखांहून जास्त लोक फसल्याचा आरोप होता, आणि २०१२ मध्ये त्यातल्या एकीला १६ कोटी ३० लाख डॉलर भरण्याचा हुकूम झाला. मी पैसे घालवले नाहीत याचं श्रेय माझ्या सावधपणाला देऊ नये. माझ्याकडे क्रेडिट कार्ड नव्हतं. पण या पाहुण्याला आत मीच घेतलं होतं. वरातीत मिसळून मावळे पुण्यात शिरले आणि १६६३ साली लाल महालात शाइस्तेखानाची बोटं तुटली, ही गोष्ट शाळेपासून ऐकताना मी स्वतःला न चुकता मावळ्यांत धरत आलो होतो. इथे मात्र 'आय अॅग्री' म्हणत वरातीचा परवाना, खानाच्या बाजूने, मीच सही करून दिला होता.

अखेर चिरंजीवांनी शनिवार पेठेतल्या एका हार्डवेअरवाल्या पोराला बोलावलं. त्याने दारातूनच विचारलं, "काका, फॉरमॅट मारू?" मी नको म्हटल्यावर त्याचा चेहरा उतरला, पण कामाला लागला. एफ-८ दाबून सेफ मोड. लपवलेल्या फाइली उघड्या केल्या, हीप४१ए मुळासकट काढलं, रजिस्ट्रीतली चालू होतानाची नोंद खोडली, मग स्पायबॉट हा सफाईचा प्रोग्रॅम लावला आणि ती कोकलणारी लाल फुली गप्प झाली.

नंतर शिफ्ट दाबून धरत त्याने माझा पेनड्राइव्ह लावला. "हे बघा काका." न्यू फोल्डर नावाचं पिवळं फोल्डर. त्याने व्ह्यूमध्ये जाऊन डिटेल्स केलं. "फोल्डरपुढे साइज येत नाही. याच्यापुढे आलीय. आणि टाइप बघा." टाइपच्या रकान्यात लिहिलं होतं, अॅप्लिकेशन. विंडोज नावाचं शेपूट लपवतं, त्यामुळे चित्र तेवढं फोल्डरचं दिसतं. ते उघडत नाही म्हणून मी त्याच्यावर कितीदा रागारागाने क्लिक केलं होतं, हे मी त्याला सांगितलं नाही. टास्क मॅनेजरमधले माझ्या नावाचे ते दोघे कोण होते, एवढं मात्र विचारलं.

"तेच तर चोर, काका."

"पण त्यांच्यापुढे माझं नाव होतं."

"तुम्हीच चालू केले ना. मग तुमचंच येणार."

पैसे द्यायला मी त्याच्याबरोबर दारापर्यंत गेलो. मागे चिरंजीव खुर्चीत स्थानापन्न झाले होते आणि ऑर्कुट सुरेख उघडलं होतं. मी आवाज खाली आणून विचारलं, "बाकी काही नको, पण बोर्डाची परीक्षा होईपर्यंत तेवढा ऑर्कुटचा भाग परत बसवता येईल का? काय पडतील त्याचे?"

"त्याला पैसे कशाला, काका," चपला घालत तो म्हणाला, "त्या डीटीपीवाल्याकडे परत एक चक्कर मारा की."