फिरतीवरच्या नवशिक्यांसाठी जेवणाचे प्राथमिक धडे

हा अभ्यासक्रम औषध कंपन्यांचे नवे एमआर, बियाणं-खतांचे सेल्स ऑफिसर, बँकांचे ऑडिटर, विम्याचे सर्व्हेअर आणि कुठं मशीन बंद पडलं की रातोरात पिटाळले जाणारे सर्व्हिस इंजिनिअर यांच्यासाठी आहे. शिक्षणाची अट नाही. पोट मात्र हवं, आणि ते निवृत्तीपर्यंत पुरवायचं आहे हे ध्यानात ठेवावं.

साहित्य

पाण्याची बाटली, सुटे पैसे, एक रुमाल (पांढरा नको) आणि कंपनीचा डीए. डीए जेवणासाठी असतो, हा नवशिक्यांचा गोड गैरसमज. घरी तो मुलीच्या क्लासची फी म्हणून आधीच धरलेला असतो. कंपन्यांमध्ये याबाबत दोन पंथ आहेत. ठरावीक डीए देणाऱ्या पंथातला माणूस दुपारी वडापाव आणि रात्री दोन केळी खाऊन पैसे वाचवतो आणि ते पुढं ॲसिडिटीच्या गोळ्यांवर घालवतो. ‘बिल दाखवा, पैसे घ्या’ या पंथातला माणूस घरी कधी न खाल्लेलं पनीर रोज रात्री खातो, कारण बिल पनीरवाल्याकडंच मिळतं. दोघांचीही पोटं साधारण एकाच वेगानं बिघडतात.

धडा पहिला : काय विचारू नये

लॉजवर बॅग टाकल्या टाकल्या काउंटरवरच्या पोराला “इथं चांगलं हॉटेल कुठंय?” असं विचारू नका. तालुका कुठलाही असो, उत्तर एकच येतं : “साहेब, बायपासला नवीन फॅमिली रेस्टॉरंट झालंय. एसी आहे.” यात त्या पोराचा काही दोष नाही. टायवाल्या साहेबाला शोभेल ते चांगलं, असा त्याचा हिशोब. तो स्वतः तिथं आत गेलेला असेलच असं नाही.

तरी गेलातच, तर काय दिसतं ते आधीच सांगून ठेवतो. प्लॅस्टिकमध्ये मढवलेलं जाडजूड मेनूकार्ड येईल. त्यात नुसत्या भाज्यांचीच पानंच्या पानं. दडपून जाऊ नका. आत भटारखान्यात ग्रेव्हीची तीन पातेली असतात : लाल, पिवळी आणि पांढरी. लाल ग्रेव्हीवर तिखटाचा तवंग आला की तिचं कोल्हापुरी होतं. पांढरीत काजू पडले की शाही होतं. लाल आणि पांढरी एकत्र झाली, वर साय फिरवली की त्याला मखनी म्हणायचं. व्हेज कोल्हापुरी नावाची भाजी कोल्हापुरातल्या घराघरांत शोधत फिरलात तर चपला झिजतील, हाती काही लागणार नाही. वेटरनं एखाद्या पदार्थाची आपणहून फार तारीफ केली, तर तो आज संपवायचा आहे असं समजावं आणि साधी डाळ-भाताची ऑर्डर द्यावी. डाळ चौथ्या पातेल्यात असते.

हुशार विद्यार्थी म्हणेल, मग प्रश्नच बदलू. “तुम्ही स्वतः कुठं जेवता?” असं विचारू. जरूर विचारा. उत्तर येईल : “घरी.”

सगळी मेख इथंच आहे. गावातला माणूस घरी जेवतो. चांगल्या-वाईट खानावळींतलं त्याला काडीचं ठाऊक नसतं. दहा वर्षांपूर्वी मेव्हण्याला घेऊन गेला होता त्या हॉटेलचं नाव तो ठोकून देतो. ते हॉटेल बंद पडून तिथं मोबाइलचं दुकान झालेलं असतं.

धडा दुसरा : कुणाला विचारावं

विचारायचं ते बदलून आलेल्या माणसाला. बायको-मुलांना पुण्यात नाहीतर नाशकात ठेवून एकटा राहणारा बँकेचा कॅशियर, महावितरणचा ज्युनिअर इंजिनिअर, ग्रामीण रुग्णालयात बॉण्डवर आलेला डॉक्टर, नवा तलाठी. या लोकांनी पहिल्या महिन्यात गावातली झाडून सगळी हॉटेलं पालथी घातलेली असतात, दुसऱ्या महिन्यात ते आजारी पडलेले असतात आणि तिसऱ्या महिन्यात एका ठिकाणी मेंबर झालेले असतात. ते ठिकाण आपलं.

विचारण्याची वेळ साधावी लागते. कॅशियर नोटा मोजत असताना नको. मशीन खडखडून थांबलं, त्यानं गठ्ठ्याला रबर लावलं की हळूच : “साहेब, जेवायला कुठं जाता हो?” माणूस एकदम खुलतो. दिवसभरात त्याला कुणी त्याच्याविषयी काही विचारलेलं नसतं.

“स्टँडच्या मागं पिठाची गिरणी आहे बघा. तिच्या बोळात. बोर्ड नाही. काकूंना सांगा, बँकेतल्यांनी पाठवलंय. साडेबाराच्या आत पोचा, नंतर भाकरी मिळत नाही, चपातीवर भागवायला लागतं.”

या पाच वाक्यांत पत्ता, शिफारस, वेळ आणि दर्जा सगळं आलं. त्यातही ‘बोर्ड नाही’ याला सर्वांत जास्त गुण आहेत. बोर्ड लावायची गरज नाही, याचा अर्थ तीच ती माणसं रोज तिथं येतात. रोज येणाऱ्याला शिळं वाढून चालत नाही. तो दुसऱ्या दिवशी पैसे द्यायच्या वेळी बोलून दाखवतो. तुम्ही-आम्ही एकदाच जाणारी गिऱ्हाइकं. आपल्याला काहीही वाढलं तरी खपतं, आणि बायपासवाल्याचा धंदा याच गणितावर चालतो.

मोबाइलवरच्या ताऱ्यांचं काय, असं तरुण मुलं विचारतात. तारे बघावेत, पण उलटे. पाच तारेवाला लिहितो : ‘पार्किंग प्रशस्त, मुलांसाठी झोपाळा, स्टाफ नम्र.’ जेवणाचा उल्लेख नाही. एक तारावाला चिडून लिहितो : ‘एक वाजता गेलो तर जेवण संपलं म्हणाले. बसायला जागा नाही. मेनूकार्डच नाही. मालक उर्मट.’ ताबडतोब तिकडं निघावं. एक वाजता ज्याचं जेवण संपतं, त्याच्याकडं उद्याला काही उरत नाही.

धडा तिसरा : खानावळीत वागायचं कसं

आत शिरल्यावर “मेनू काय आहे?” असं म्हणू नये. “जेवण आहे,” असं उत्तर येतं आणि सगळे मेंबर वळून बघतात. जागा नसेल तर ज्याचा भात सुरू झालाय त्याच्या खुर्चीमागं उभं राहावं. हा उद्धटपणा समजला जात नाही, रांग समजली जाते. भाकरीवाल्याच्या मागं उभं राहणाऱ्याला अजून शिकायचं आहे.

कोपऱ्यातली खिडकीजवळची खुर्ची रिकामी दिसली तरी बसू नये. ती एखाद्या निवृत्त गुरुजींची असते. ताट आल्यावर चव घेण्याआधी मीठ मागू नये. भाजी आवडली तर तसं म्हणू नये, फक्त वाटी थोडी पुढं सरकवावी. कौतुक केलं की काकू संशयानं बघतात, हा उधारी मागणार की काय म्हणून. “अर्धी घेतो” हे वाक्य पाठ करावं. अर्धी भाकरी मागणाऱ्याला पुरी वाढतात, पुरी मागणाऱ्याला थांबा म्हणतात.

सीलबंद पाण्याची बाटली मागायची असेल तर आधीच बाहेरून घेऊन जावी. तिथं मागणं म्हणजे त्यांच्या हंड्याचा अपमान.

धडा चौथा : वार आणि महिना

चांगलं ठिकाण सापडूनही चुकीच्या वारी गेलं तर फुकट. आपल्याकडं बहुतेक गावांत मटण खाण्याचे वार ठरलेले : बुधवार, शुक्रवार, रविवार. सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. देव सांभाळणाऱ्या घरांतून त्या दिवशी मागणी नसते, म्हणून सोमवारी ताटात आलेलं मटण रविवारचं असण्याची शक्यता दाट. कोल्हापूरचा दौरा बुधवारी लावून घ्यावा. तांबडा आणि पांढरा दोन्ही रस्से पुन्हा पुन्हा वाढतात. पहिल्या वाटीलाच पोट भरून घेणाऱ्याला तिथं पाहुणा म्हणतात. सकाळी मिसळ खाल्लीत तर सोबत पावाऐवजी ब्रेडचे स्लाइस येतील. तक्रार करू नका, वादात तुम्ही हराल.

जळगावला उन्हाळ्यात जाऊन भरीत मागू नये. मिळेल, पण ते भरीत नव्हे. थंडी पडली की खानदेशात भरताची वांगी बाजारात येतात, ती कपाशीच्या वाळल्या काट्यांवर भाजतात, हिरव्या मिरच्यांसकट कुटतात आणि मग कळण्याच्या भाकरीबरोबर नाहीतर पुरीबरोबर वाढतात. डिसेंबरात तिकडची कामं काढणारा अधिकारी दूरदृष्टीचा समजावा. त्याच्या बढतीआड कुणी येऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. इतर महिन्यांत शेवभाजी आहेच.

कोकणात जून-जुलै टाळा. त्या काळात यांत्रिकी होड्यांना मासेमारीची बंदी असते. तरीही रत्नागिरी-मालवणच्या हमरस्त्यावर ‘ताजी सुरमई’ असे फलक झळकत असतात. ती सुरमई बर्फात झोपून उठलेली असते. या दिवसांत खाडीतलं काही मिळतं का ते विचारावं, नाहीतर निमूट सुक्या बांगड्याकडं वळावं. सोलकढीला बंदी लागू नाही.

नागपूरला सकाळी तर्री पोहे. पोह्यांवर हरभऱ्याची लालभडक तर्री ओतून देतात, आणि पांढरा रुमाल का नको ते तिथं कळतं. सावजी जेवण हे मूळचं हलबा कोष्टी विणकरांच्या घरचं. महत्त्वाच्या मीटिंगच्या आदल्या रात्री खाऊ नये, मीटिंग झाल्यावर खावं. शाकाहारी असाल तर पाटोडी रस्सा मागा. तो कमी तिखट असेल या भ्रमात राहू नका. छत्रपती संभाजीनगरात नान-खलिया. तो तुघलकाच्या फौजेबरोबर दौलताबादेत आला असं सांगतात. सोलापुरातून निघताना शेंगाचटणी आणि कडक भाकरी बॅगेत टाका. दोन्ही बरेच दिवस टिकतात आणि पुढच्या गावात बायपासचं रेस्टॉरंटच नशिबी आलं तर कामी येतात.

श्रावणात मटणाच्या खानावळी ओस पडतात. त्या महिन्यात साबुदाण्याच्या खिचडीशी जुळवून घ्यावं.

धडा पाचवा : रस्त्यावर

‘ट्रक थांबतात तिथलं जेवण चांगलं’ हे सगळे एकमेकांना सांगतात. ट्रक थांबतात ते जागा मोठी असते, आंघोळीला पाणी असतं आणि खाटेवर दोन तास पडता येतं म्हणून. जेवण बरं असलं तर तो योगायोग. एसटीच्या ड्रायव्हरमागं जाणंही फसवं : गाडी थांब्यावर थांबते, आणि त्याच्यासाठी आतल्या बाजूला वेगळं पान मांडलेलं असतं. ते तुम्हाला मिळत नाही. सकाळी लवकर पोचलात तर मार्केट यार्ड गाठा. रात्रीपासून पोती उचलणारे हमाल तिथं भरपेट नाश्ता करतात आणि त्यांना पातळ चहा किंवा लहान वडा देऊन कुणी टिकत नाही.

बिलाचा धडा

आता दुखरा विषय. जेवण जितकं चांगलं, बिल तितकं वाईट. काकू वहीचा कागद फाडून त्यावर ‘जेवण 1’ लिहून देतात. अकाउंट्सवाला त्यावर लाल शेरा मारतो : जीएसटी नंबर नाही. त्याला शांतपणे सांगावं की वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर खानावळीला जीएसटीच्या नोंदणीची सक्तीच नाही, आणि कंपोझिशन योजनेतल्या हॉटेलाला गिऱ्हाइकाकडून कर वसूल करता येत नाही. तो मान डोलावेल आणि पैसे देणार नाही.

उलट बायपासवाल्याचं बिल तपासून घ्या. साध्या रेस्टॉरंटला जीएसटी 5 टक्के. 2022 च्या जानेवारीपासून बिलावर अन्नसुरक्षा परवान्याचा 14 अंकी नंबर छापायला हवा. खाली ‘सर्व्हिस चार्ज’ दिसला तर तो काढायला सांगा. तो आपोआप लावू नये, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै 2022 मध्येच बजावलंय. मॅनेजर हसून काढतो, कारण विचारणारा क्वचित भेटतो. काही जण कोरी बिलं मागून घेतात. तो या अभ्यासक्रमाचा भाग नाही.

प्रात्यक्षिक

परीक्षेचा दिवस म्हणजे रिजनल मॅनेजर तुमच्याबरोबर फिरायला येतो तो. त्याला काकूंकडं नेऊ नका. त्यालाही एसी लागतो असं नाही, पण तुम्ही त्याला बोळात नेलंत हे तो मुंबईत सांगेल. त्याला बायपासलाच न्या, पनीर मागवा, तो म्हणेल “छान आहे गाव.” मात्र जेवता जेवता तो उसासा टाकून, पूर्वी साताऱ्याला असताना एक बाई काय झुणका करायच्या, असं म्हणाला, तर उरलेलं पनीर तसंच सोडा, बिल मागवा आणि दुसऱ्या दिवशी सव्वाबाराला त्याला गिरणीच्या बोळात घेऊन जा. तो आपल्यातला आहे.

आणि उद्या तुमची कुठल्या गावी बदली झाली, मेंबर झालात, आणि बॅग घेतलेला एखादा नवखा येऊन विचारू लागला, तर त्याला खरा पत्ता द्या. फक्त आधी स्वतः जेवून घ्या. काकू भाकऱ्या मोजूनच थापतात.