जहाजावर कार्ड कुणाचं?

सिंगापूरच्या मरिना बे क्रूझ सेंटरवर मराठी कुटुंब लांबूनही ओळखू येतं. माणसं सात, बॅगा अकरा, त्यातली एक फक्त चिवडा आणि भाकरवडीची. खिडकीची खोली कुणाला, वरच्या बंकवर कोण झोपणार, रात्री एसी किती अंशांवर ठेवायचा, हे सगळे तह मुंबई विमानतळावरच होऊन गेलेले असतात. पासपोर्ट तपासून होतो, फोटो काढून होतो. मग काउंटरवरची मुलगी गोड हसून विचारते, जहाजावरच्या खर्चासाठी कार्ड कुठलं नोंदवू? त्याबरोबर सातही माणसं एकदम समुद्राकडे बघू लागतात.

ज्यांच्यावर हा प्रसंग अजून आला नाही त्यांच्यासाठी सांगतो. जहाजावर पैसे चालत नाहीत. म्हणजे लागतात, भरपूर लागतात, पण दिसत नाहीत. प्रत्येकाच्या हातात एक प्लास्टिकचं कार्ड येतं. तीच खोलीची किल्ली, तेच ओळखपत्र, तेच पाकीट. सरबत घ्या, कार्ड टेकवा. टोपी घ्या, कार्ड टेकवा. सगळं तुमच्या खोलीच्या नावावर मांडलं जातं आणि शेवटच्या दिवशी तुम्ही नोंदवलेल्या कार्डावरून वळतं होतं. वाण्याच्या वहीत मांडून ठेवायचो तसलाच प्रकार. पण वाणी वही उघडताना चष्म्यावरून बघायचा आणि आपण मुकाट्यानं गोडेतेल पाव किलो कमी घ्यायचो. जहाजावरचा बारवाला बघत नाही. तो हसतो, आणि आणखी एक देऊ का, असं विचारतो.

बरं, टूरवाल्यानं तर सांगितलेलं असतं, तिकिटात सगळं आलं. येतंच. जेवण येतं, नाश्ता येतो, तरणतलाव येतो, रात्रीचा नाच येतो, बुफेतला चहा आणि पाणी येतं. दारू येत नाही, बाटलीतली शीतपेयं येत नाहीत, वायफाय येत नाही, मालिश येत नाही, खास हॉटेलातलं जेवण येत नाही, बंदरावर उतरून करायची सहल येत नाही आणि जिन्याच्या तोंडाशी उभा राहून फोटोग्राफरनं न विचारता काढलेला फोटोही येत नाही. तो वीस-पंचवीस डॉलरला. सासूबाईंना तो आवडलेला असतो, कारण त्यात सून आलेली नसते.

हा डॉलर तरी कुठला, हेही आधी विचारून घ्यावं. अमेरिकन कंपनीचं जहाज सिंगापूरहून सुटलं तरी हिशोब बहुधा अमेरिकी डॉलरात ठेवतं. काही जहाजं सिंगापुरी डॉलरात ठेवतात. पहिल्या जहाजावर कॉफीच्या दराला नव्वदच्या आसपास गुणायचं, दुसऱ्यावर सत्तरच्या. पाढे पाठ असलेली शेवटची पिढी या सहलींना आवर्जून नेली जाते, ती केवळ आदरापोटी नव्हे.

तर कार्ड कुणाचं? इथे घराचे चार पक्ष होतात.

सासरे रोखीवाले. कमरेच्या पट्ट्यात डॉलर घेऊनच आलेले. बऱ्याच जहाजांवर ही सोय आहे: काउंटरवर रोख अनामत ठेवा, ती संपेपर्यंत खर्च करा, उरलं तर परत घ्या. सासऱ्यांना यातली शिस्त आवडते. अनामत संपली की किल्ली खोली उघडते, पण आइस्क्रीम देत नाही. बिल किती झालं ते विचारायला ते रोज रात्री जेवणानंतर चालत काउंटरवर जातात. शतपावलीही होते. खोलीतल्या टीव्हीवर आपलं चालू बिल बघता येतं, असं त्यांना कुणी सांगायला नको होतं. आता ते तेच बघत बसतात. समुद्र खिडकीबाहेर, सासरे टीव्हीपुढे, आणि टीव्हीवर त्यांच्याच खोलीचा आकडा. एवढी वेगवान मराठी मालिका त्यांनी आजवर पाहिली नव्हती.

मेहुणा यूपीआयवाला. सिंगापूरच्या पे-नाऊशी आपलं यूपीआय २१ फेब्रुवारी २०२३ रोजी जोडलं गेलं, ही तारीख त्याला लग्नाच्या वाढदिवसापेक्षा चोख पाठ आहे. ती जोडणी एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पैसे पाठवण्यासाठी आहे, जहाजावरच्या वड्यासाठी नाही, हे त्याला पटत नाही. तो बारच्या फळीवर क्यूआर शोधतो. सापडत नाही तेव्हा व्यवस्था मागासलेली आहे असं ठरवून टाकतो. मग फोन चालू ठेवतो. जमीन दिसेनाशी झाली की फोन जहाजाचं नेटवर्क पकडतो. ते उपग्रहावरून चालतं आणि साध्या परदेशी रोमिंग पॅकमध्ये सहसा बसत नाही. मेहुण्याचा जहाजावरचा सगळ्यात मोठा खर्च अशा रीतीनं जहाजाच्या बिलात दिसतच नाही. तो घरी, मोबाइलच्या बिलात दिसतो.

जावई क्रेडिट कार्डवाला. त्याच्याकडे पॉइंट असतात. विमानतळावरच्या लाउंजमध्ये त्यानं सगळ्यांना फुकट उपमा खाऊ घातलेला असतो, म्हणून घरात त्याचा शब्द तूर्त चालतो. परदेशी चलनातल्या खर्चावर आपल्या बऱ्याच बँका साडेतीन टक्के मार्कअप लावतात, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे शंभर रुपयांमागे चार रुपये तेरा पैसे. ते भरून जावई रुपया-दीड रुपयाचे पॉइंट कमावतो आणि हा सौदा तो बायकोला आकृती काढून समजावतो. मार्कअप अजिबात न लावणारी कार्डंही बाजारात आहेत. ती ज्यांच्याकडे असतात ते लोक आपल्याबरोबर सहलीला कधीच नसतात.

शिवाय कार्ड चालायला हवं. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार २०२०पासून नवं कार्ड फक्त देशातल्या एटीएम आणि दुकानातल्या यंत्रापुरतंच चालू करून मिळतं. परदेशातला वापर आपण स्वतः चालू करायचा. तो बँकेच्या अ‍ॅपमधून होतो. अ‍ॅप ओटीपी मागतं. ओटीपी भारतातल्या सिमवर येतो. ते सिम कालच चांगी विमानतळावर काढून, हरवू नये म्हणून, नीट जपून ठेवलेलं असतं. कशात, ते कुणालाच आठवत नाही. मग मागे वीस माणसांची रांग ठेवून अकराच्या अकरा बॅगा उघडल्या जातात. भाकरवडी तिथेच सांडते.

एवढ्यात कुणीतरी डेबिट कार्ड पुढे करतं. वडीलधाऱ्यांना डेबिट कार्ड सात्त्विक वाटतं: स्वतःचे पैसे, कर्ज नाही. पण जहाज कार्ड नुसतं बघून परत देत नाही. तुम्ही खर्च कराल अशा अंदाजानं ते बँकेला एक रक्कम रोखून धरायला सांगतं, आणि खर्च वाढेल तशी आणखी. क्रेडिट कार्डावर त्यानं नुसती मर्यादा आकसते. डेबिट कार्डावर बचत खात्यातले खरेखुरे पैसे अडकतात. बिल वेगळं वसूल झालं तरी रोखलेली रक्कम बँकेच्या सवडीनं सुटते. जहाज शुक्रवारी किनाऱ्याला लागतं, पैसे पुढच्या आठवड्यात कधीतरी लागतात. मधल्या काळात घराचा हप्ता येतो आणि रिकाम्या हातानं परत जातो.

चौथा पक्ष लेकीचा. ती म्हणते, नोंदवताना क्रेडिट कार्ड द्यावं, म्हणजे रोखलेली रक्कम कुणाला टोचणार नाही. आणि शेवटच्या रात्रीच्या आत काउंटरवर जाऊन, आधीच डॉलर भरलेलं फॉरेक्स कार्ड फिरवून बिल मिटवावं, म्हणजे मार्कअपही वाचेल. तिथे हे चालतं का, ते आधी विचारून घ्यावं. सूचना बिनतोड होती. म्हणूनच तिच्यावर चर्चा झाली नाही.

अखेर जावयाचं कार्ड नोंदवलं जातं, आणि मराठी कुटुंबाच्या इतिहासात न घडलेली गोष्ट घडते. एरवी हॉटेलात बिल आलं की आपल्याकडे झोंबाझोंबी होते. मी देतो, नाही मी देतो, तुम्ही मोठे आहात, म्हणूनच मी देतो. वेटर बिचारा पाकीट धरून मध्ये उभा. जहाजानं बिलच काढून घेतलं, त्यामुळे भांडण मिटलं आणि औदार्य वाढलं. सातही किल्ल्या एकाच कार्डाला जोडलेल्या. काका, घ्या की अजून एक. पोरांनो, काय हवं ते खा. आयुष्यभर उसाच्या रसात बर्फ जास्त घालतात म्हणून भांडणारे सासरे आता उघड्या डेकवर नारळात छत्री खोचलेलं काहीतरी पितात, कारण अनामत ठेवायची राहूनच गेली. त्या अख्ख्या जहाजावर फुकटचं पाणी पिणारा माणूस एकच, ज्याचं कार्ड आहे तो.

मुलांच्या किल्लीवरचा खर्च काउंटरवर सांगून बंद करता येतो. आजीच्या किल्लीवरचा बंद करण्याची सोयही असावी, पण ती मागायला कोण जाणार?

समुद्रावर वसुली करण्याची कला आपल्याला नवी आहे असं मात्र नाही. सरखेल कान्होजी आंग्र्यांनी कोकणच्या किनाऱ्यावरून जाणाऱ्या व्यापारी जहाजांना दस्तक घ्यायला लावलं. परवाना घ्या, पैसे मोजा, निर्धास्त जा. नाही तर गलबत जप्त. मुंबईच्या इंग्रजांनी दस्तक मानायला नकार दिला आणि कान्होजी १७२९मध्ये वारले तोपर्यंत हा तंटा मिटला नाही. सरखेलांनी दस्तकाऐवजी प्रत्येक गोऱ्या कप्तानाच्या हातात एक किल्ली दिली असती आणि सांगितलं असतं की आता काही देऊ नका, जाताना बघू, तर इंग्रज रांगेत उभे राहिले असते.

आता टिप. हा विषय घरात कुजबुजत बोलला जातो. बऱ्याच जहाजांवर टिप आपोआप लागते, माणशी रोज साधारण सोळा ते वीस डॉलर, लहान मुलं धरून. सात माणसं, चार रात्री, दर अठराचा धरला तरी पाचशे चार डॉलर. म्हणजे पंचेचाळीस हजार रुपये. बडीशेपेच्या वाटीत दहाची नोट ठेवून ती वेटरला दिसेल अशी सरकवणाऱ्या समाजाला हा आकडा एकदम झेपत नाही. त्यातून बातमी फुटते, की काउंटरवर जाऊन सांगितलं तर कित्येक कंपन्या ही टिप कमी करतात, काढूनही टाकतात. दुसऱ्या दिवशी सकाळी रांग लागते. रांगेत मराठी, गुजराती, पंजाबी सगळे. राष्ट्रीय एकात्मता बघायची तर तिथे बघावी.

आणि खोली आवरणारा पोरगा निघतो गोव्याचा. घरात पिढीजात तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी करणारे. आजोबा मुंबईत धोबी तलावच्या कुडात, म्हणजे गोवेकरांच्या वसतिगृहात, बोटीची वाट बघत दिवस काढलेले. नऊ-नऊ महिने घर सोडून तो आपल्या चादरी बदलतो, टॉवेलाचे हत्ती करून पलंगावर बसवतो. त्याच्या कमाईचा मोठा हिस्सा याच टिपेतून येतो, हे तो सांगत नाही. त्याला सांगायची बंदी असेल, किंवा लाज वाटत असेल. आपल्याकडे मात्र गाववाला भेटल्याचा उमाळा दाटून येतो. गाव कुठलं, देवी कुठली, लग्न झालं का, मासे कुठले मिळतात इथे, सगळी विचारपूस होते. त्याच्या ओळखीनं जास्तीचे दोन टॉवेल आणि रोज एक माकडही मिळतं. मग जावई काउंटरवर जाऊन टिप काढून येतो, आणि सासूबाई उरलेल्या भाकरवडीचं पाकीट, सांडलेली वेचून पुन्हा भरलेलं, प्रेमानं त्या पोराच्या हातात ठेवतात. पोरगा दोन्ही हातांनी घेतो. ही आपली पद्धत, डॉलरात मोजता येत नाही, असं सासरे लिफ्टमध्ये म्हणतात.

जुगाराच्या दालनाबद्दल फार लिहीत नाही. जे गेले ते कुणालाच सांगत नाहीत. किल्लीवर पैसे काढून खेळायला गेलं तर काही जहाजं त्यावरही काही टक्के शुल्क लावतात, एवढं कळवून ठेवतो.

शेवटच्या रात्री आणखी एक यंत्र पुढे येतं. ते विचारतं, बिल रुपयांत देणार की डॉलरांत? जावयाची छाती भरून येते. भर समुद्रात, मलाक्काच्या सामुद्रधुनीत, परक्या यंत्रानं आपला रुपया ओळखला! तो रुपयावर बोट ठेवतो. रुपयाचा भाव यंत्राच्या मालकानं ठरवलेला असतो आणि तो बँकेच्या भावापेक्षा बहुधा महागच असतो. काही बँका त्याच्यावरही आपलं शुल्क लावतात, कारण पैसे रुपयांत असले तरी दुकान परदेशी. लेक मागून म्हणते, डॉलर दाब, डॉलर. पण देशप्रेमाच्या क्षणी बायकोचं कोण ऐकतं?

बिलाची छाननी मग विमानात होते. चोवीस ओळी. अकराव्या ओळीवर रात्री पावणेबाराचं दोन ग्लास काहीतरी आहे, ते कुणीच घेतलेलं नाही. सासूबाई झोपल्या होत्या. सासरे डेकवर वारा खात होते. मेहुणा नेटवर्क शोधत होता. धाकट्याला विचारलं तर तो आजोबांकडे बघतो आणि आजोबा खिडकीबाहेर.

घरी आल्यावर जावयानं रीतसर तक्ता केला, कुणाचे किती, मार्कअप किती, जीएसटी किती, आणि घराच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. खाली आपला यूपीआय क्रमांकही दिला. सासऱ्यांपासून मेहुण्यापर्यंत सगळ्यांनी पाच मिनिटांच्या आत अंगठा दाखवला.