निरीक्षकाचे नाव

लग्नाच्या पंगतीत माझी ओळख 'वाघांचे साहेब' अशी करून दिली जाते आणि मी ती दुरुस्त करत नाही. उलट घास जरा सावकाश चावतो आणि नजर मंडपाच्या पलीकडे लावतो, जणू तिकडे गवत हललं. सहा खिशांचं खाकी जाकीट मी पंगतीलाही घालून जातो. त्यातले चार खिसे कायम रिकामे असतात. पाचव्यात बडीशेप असते.

वस्तुस्थिती अशी की माझं पद 'जीवशास्त्रज्ञ (कंत्राटी)' आहे. कंसातला शब्द मी कार्डावर छापत नाही. मुदत अकरा महिने, मग एक दिवस खाडा, मग पुन्हा अकरा महिने. आणि माझ्या वाट्याला आलेला प्राणी 23 सेंटिमीटरचा आहे. रानपिंगळा. जंगल सातपुड्यातलं, रेंजचं नाव घेत नाही, कारण कंत्राट अजून चालू आहे.

आमच्याकडे वाघाला नंबर असतो, वंशावळ असते, दर चार वर्षांनी शिरगणती असते. तो कॅमेरा ट्रॅपसमोरून गेला की तीन व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर त्याच्या पट्ट्यांची चर्चा होते. पिंगळ्याला तसं काही नाही. लहानपणी आजी म्हणायची, पहाटे कंदील घेऊन पिंगळा दारी येतो आणि घराचं भविष्य सांगून जातो. माझा पिंगळा गेली काही वर्षं समोर बसून माझ्याकडे टक लावून बघतो, पण कंत्राटाचं काय होणार याबद्दल अवाक्षर काढत नाही.

एकदा मोठे पाहुणे आले. वाघ दिसला नाही, तेव्हा साहेबांनी मला पुढे केलं. भर दुपारी सालईच्या फांदीवर रानपिंगळा बसला होता. हा दिवसाउजेडी शिकार करणारा, सरडे-सापसुरळ्या खाणारा पक्षी. मी दबक्या आवाजात सांगितलं की जगात हा फक्त भारतात आहे आणि 113 वर्षं कोणाला दिसलाच नव्हता. पाहुण्यांतल्या बाईंनी दुर्बीण लावली आणि म्हणाल्या, "अय्या, हा तर आमच्या सोसायटीत पण आहे! एसीच्या मागे बसतो."

मी हसलो. खिशातली बडीशेप खाल्ली. मग जिप्सीत पूर्ण पाऊण तास त्यांना एका चोराची गोष्ट सांगितली. ती तुम्हालाही सांगतो. विषयांतर आहे, पण ही गोष्ट मी सोडत नाही. पंगतीत तर ती जिलबीच्या आधी सुरू होते आणि पान खाऊन झालं तरी संपत नाही.

तर, पक्षितज्ज्ञ ह्यूमसाहेबाने 1873 साली या पक्ष्याला नाव दिलं. पुढे खानदेशात डेव्हिडसन नावाचा ब्रिटिश अधिकारी नोकरीवर होता, त्याने 1880 ते 1884 या काळात काही नमुने जमवले. मग पक्षी गायब. जगभरच्या संग्रहालयांत मिळून सात कातडी, कापूस भरलेली, पायाला चिठ्ठी बांधलेली. त्यानंतरची एकच नोंद होती: 1914, मांडवी, गुजरात. नोंद करणारा कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन. सैनिक, हेर, पक्षितज्ज्ञ, आणि वागण्या-बोलण्यात असा रुबाब की शंका घ्यायची कोणाची छाती नव्हती. लंडनच्या संग्रहालयाने त्याला पक्ष्यांच्या दालनात दीड वर्ष प्रवेशबंदी केली होती, कारण नमुने न विचारता बाहेर जात होते. बंदी उठली, आणि माणूस पुन्हा आत! आपल्याकडे भांडारपालाची चौकशी लागली तर निदान बदली तरी होते.

पुढे 1990च्या दशकात पामेला रासमुसेन या अमेरिकन बाईंनी त्याचा संग्रह तपासायला घेतला. मांडवीचा पिंगळा उलगडून पाहिला, एक्स-रे काढला. पक्षी आधी कोणीतरी भरलेला होता आणि नंतर पुन्हा भरला होता. मूळ हात डेव्हिडसनचा! कर्नलसाहेबांनी संग्रहालयातून डेव्हिडसनचा पक्षी उचलला, कापूस बदलला, जुनी चिठ्ठी काढली आणि नवी बांधली: स्वतःचं नाव, स्वतःची तारीख, आणि जिथे तो पक्षी कधी मिळालाच नव्हता ते गाव. माणसं खोट्या पत्त्यावर पिंगळा शोधत राहिली. रासमुसेनबाईंनी मांडवी खोडली, डेव्हिडसनचे जुने पत्ते धरले, आणि नोव्हेंबर 1997मध्ये शहाद्याजवळच्या टेकड्यांत त्यांना आणि सोबत्यांना तो जिवंत दिसला. तेव्हा नंदुरबार जिल्हा व्हायचा होता. पक्षी आधी सापडला, जिल्हा नंतर झाला.

इथे मी नेहमी थांबतो आणि म्हणतो, "दुसऱ्याच्या पक्ष्याला स्वतःची चिठ्ठी! काय म्हणावं या माणसाला?" समोरचे माना डोलावतात. मला फार बरं वाटतं.

आता माझी गोष्ट. ती पंगतीत सांगत नाही.

पहिल्या वर्षी मी एका नव्या ठिकाणी रानपिंगळा नोंदवला. फोटो, जीपीएस, तीन पानी अहवाल, वर 'महत्त्वपूर्ण' असा शेरा, तोही मीच मारलेला. अहवाल साहेबांकडे पाठवायच्या आदल्या संध्याकाळी कॅम्पवरच्या वनमजूर दादांना फोटो दाखवला. दादा कोरकू, शाळा तिसरीपर्यंत, रोजंदारीवर माझ्या वयाइतकी वर्षं काढलेली. त्यांनी मोबाइल लांब धरला, जवळ धरला आणि हळूच म्हणाले, "साब, ये तो गांववाला है."

म्हणजे साधा ठिपकेवाला पिंगळा. सोसायटीतला. एसीच्या मागचा. डोक्यावर ठिपक्यांची रांगोळी. रानपिंगळ्याच्या डोक्यावर ठिपके जवळपास नसतात, चोच आणि पाय भक्कम असतात, छातीवर गडद पट्टा असतो. हे मी परीक्षेत लिहून गुण मिळवले होते. आणि हा पठ्ठ्या शेपटीसुद्धा हलवत नव्हता. रानपिंगळा चिडला की शेपूट अशी डावी-उजवी मारतो की दुसरं काही बघायलाच नको.

दादांनी हे कोणालाही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी मला चार किलोमीटर चालवत नेलं, एका पोखरलेल्या झाडाखाली उभं केलं आणि वर बोट दाखवलं. तिथून पुढे प्रत्येक वेळी असंच झालं. मी स्पीकरवर आवाज वाजवतो, तक्ते भरतो, दुर्बिणीची काच पुसतो. पक्षी दादा दाखवतात. शोधनिबंधात आकडे आले, आलेख आले, माझं नाव पहिलं आलं. दादा 'आभार' या सदरात आले, तेही 'क्षेत्रीय कर्मचारी' या सामुदायिक नावाने. डेव्हिडसनला निदान चिठ्ठी तरी मिळाली होती. आणि त्याला खानदेशात पक्षी कोणी दाखवला असेल, हा प्रश्न इतकी वर्षं गोष्ट सांगताना माझ्या डोक्यात आला नव्हता.

2018 साली रानपिंगळा 'अतिसंकटग्रस्त' यादीतून 'संकटग्रस्त' यादीत आला. म्हणजे आधी वाटलं होतं त्यापेक्षा तो बरा होता. आनंदाची बातमी. आमच्या कार्यालयात पहिली प्रतिक्रिया काय, तर निधीच्या प्रस्तावातलं पहिलं वाक्य बदलावं लागणार. माझीही तीच. खोटं का बोलू? ज्याच्या संकटावर आपलं पोट, त्याची तब्येत सुधारली की माणूस आधी स्वतःच्या पोटावर हात ठेवून बघतो. त्याच वर्षी दादांच्या पाहण्यातलं एक ढोलीचं झाड 'वाळलेलं' म्हणून मोजून, हातोड्याची खूण मारून पाडलं गेलं. सगळं नियमात बसत होतं. दादा दोन दिवस बोलले नाहीत. मी तक्त्यात 'घरटे: अनुपलब्ध' असं लिहिलं. त्या रकान्यात दुसरं काही बसतच नव्हतं.

गेल्या महिन्यात नवा तक्ता आला. वर रकाना: 'निरीक्षकाचे नाव'. ढोलीत पिल्लं होती, दादांनीच शोधलेली. मी त्यांचं पूर्ण नाव लिहिलं, जरा ठसठशीत अक्षरात, आणि कागद त्यांच्यापुढे धरला. कोणी तरी 'साहेब, कशाला' म्हणेल आणि मी मोठेपणाने हात हलवीन, अशी माझी तयारी होती.

दादांचा चेहरा उतरला. "मेरा नाम क्यों साब? कुछ गलती हुआ क्या?"

सरकारी कागदावर त्यांचं नाव आजवर दोनदाच आलं होतं, आणि दोन्ही वेळा खुलासा मागवायला.

मी समजावलं. बराच वेळ लागला. शेवटी ते म्हणाले, ठीक आहे, नाव राहू द्या. मग बोट पुढच्या रकान्यावर गेलं. तिथे मी अक्षांश-रेखांश दशांशाच्या पाच स्थळांपर्यंत भरले होते.

"ये मत लिखना." का, तर हे कागद कुठे कुठे जातात. अमावास्येला घुबड शोधणारे येतात, त्याच्या नखांना भाव असतो. हल्ली मोठ्या लेन्सवाले येतात, ते ढोलीसमोर तळ ठोकतात. "नाम लिखो. जगह मत लिखो."

रकाना मोकळा ठेवला तर तक्ता परत येतो. मी खोडरबर फिरवला. पेन्सिल हातात घेऊन बसलो, दादा बाजूला उकिडवे बसून बघत होते, आणि शपथ सांगतो, माझ्या हाताने 'मां' लिहिलंसुद्धा.