बंद खिडकीचे उपकार

घरातली हवा घरातच राहावी, हा आमच्या सोसायटीचा अलिखित नियम आहे आणि मला त्याचा मनापासून अभिमान वाटतो.

बिल्डरने बाल्कनी दिली, ती आम्ही काचा लावून हॉलमध्ये घेतली. सरकत्या खिडकीची चौकट मुळात अर्धीच उघडते. त्या अर्ध्याचा बंदोबस्त जाड पडद्याने केला. बाहेर रस्त्याची धूळ आहे. ती आत येऊ नये म्हणून आतलीही आम्ही बाहेर जाऊ देत नाही. एक्झॉस्ट फॅनच्या भोकाला कबुतरांमुळे पुठ्ठा ठोकला आहे. त्यामुळे सकाळी मिरचीची फोडणी पडली की आजोबांपासून नातवापर्यंत अख्खं घर एकदम खोकतं. एवढी एकी हल्ली फार थोड्या कुटुंबांत दिसते.

रात्री दारं-खिडक्या लावून एसी. तो बाहेरची ताजी हवा आत आणतो, असा पुष्कळांचा समज आहे. घरचा स्प्लिट एसी तसलं काही करत नाही. खोलीतलीच हवा गार करून परत देतो. बाहेरच्या हवेत दहा लाख भागांत सुमारे ४२० भाग कार्बन डायऑक्साइड असतो. बंद खोलीत चौघं झोपले की पहाटेपर्यंत तो २,०००च्या पुढे सहज जातो. एवढी वाढ आम्ही नुसता श्वास सोडून साधतो. सकाळी डोकं जड होतं. त्यावर चहा आहे.

डासांसाठी कॉइल. एका कॉइलच्या धुरात ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण असतात, असं २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं. आमच्या घरात सिगारेटला सक्त बंदी आहे. मुलांवर संस्कार नकोत का?

रोग्याला गारठू न देता त्याच्या खोलीतली हवा बाहेरच्या हवेइतकी शुद्ध ठेवावी, हा शुश्रूषेचा पहिला नियम फ्लोरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ साली सांगितला. बाईंबद्दल आदर आहेच, पण आमच्याकडे टीव्हीशेजारी बाटलीत मनी प्लँट आहे.

तेव्हा वाचकहो, सावध राहा. वारा वाहता असताना समोरासमोरच्या दोन खिडक्या थोडा वेळ उघड्या राहिल्या, तरी रात्रभर जमवलेली हवा निघून जाते. फोडणीच्या वेळी आणि झोपून उठल्यावर हा धोका सर्वांत मोठा असतो. त्या दोन वेळा तरी खिडकीच्या कडीला हात लावू नका.