थेंब गेले कुठे?

अहो, ऐकलंत का? जरा इकडे सरका, कुंपणापाशी. समोरच्यांची धाकटी हो, काळ्या आजारावर पीएचडी करतेय ती, परवा डोळे सुजवून घरी आली. आईला वाटलं, ठरत आलेलं मोडलं की काय! कसलं काय... स्लाइड बिघडली म्हणे.

त्या आजाराचा जंतू, तो लीशमॅनिया कसा, ठाऊकच आहे तुम्हाला. वाळूमाशी चावली की अंगात शिरायचा आणि जंतू गिळायला ठेवलेल्या त्या मॅक्रोफेज पेशी, नेमकं त्यांच्याच पोटात बिऱ्हाड मांडायचं. मेल्याची हिंमत बघा! वर त्या पेशीत चरबीचे थेंब साठतात, अगदी याच्या खोलीला खेटून. तेच बघायचे होते हिला.

वादावादी काय, याच्या पाचवीलाच पुजलेली. लीशमननं १९०० साली डमडमहून आलेल्या सैनिकाच्या पांथरीत पाहिला, पण छापलं १९०३ मध्ये. त्याच साली मद्रासच्या डोनोव्हनलाही दिसला. मग रॉस नावाच्या शास्त्रज्ञानं दोघांचंही नाव लावलं, लीशमॅनिया डोनोव्हनी. दोन जावांत एकच पैठणी!

तर काय सांगत होते... हां, स्लाइड. जिम्सा रंग देताना मेथॅनॉलमध्ये बुडवतात ना, सवयीनं हीपण बुडवली. मग तो बॉडिपी की काय, चरबीला धरणारा हिरवा रंग घातला. अंधाऱ्या खोलीत कॉन्फोकल मायक्रोस्कोपपुढे सगळे गोळा, खुर्चीत गाइडबाई. डॅपी रंगाचे निळे ठिपके काय सुरेख उठले! जोडीजोडीनं, मोठा केंद्रकाचा, शेजारी इवलासा कायनेटोप्लास्टचा. दोनचार मायक्रॉनचा तो जीव, पण त्या बारक्या ठिपक्यावरून बरोब्बर सापडतो. आणि हिरवं? एक थेंब असेल तर शपथ! नुसतं धुरकट.

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मेथॅनॉल?" एवढंच विचारलं हो. पोरीचं तोंड असं उतरलं म्हणता... आणि तो ज्युनिअर मागे खुसखुसला, ते वेगळंच.

मी तिच्या आईला म्हटलं, अहो, तेलकट डाग स्पिरिटनं निघतो हे तर आपल्या कामवालीलाही माहीत. तर म्हणतात, "मीही तेच बोलले, म्हणून तर ताटावरून उठून गेली!"

आता नव्यानं पेशी वाढवायच्या, पॅराफॉर्मल्डिहाइडमध्ये ठेवायच्या, म्हणजे थेंब जागच्या जागी... अगंबाई, फाटक वाजलं! तीच आली. अहो, चार काड्या कढीपत्ता देता का हो, जरा कोवळा बघून...