वाटाणा की फुली?

प्रोसेसरच्या डोक्यावर कूलर बसवण्याआधी मधे पेस्ट लावतात, इथवर माझी मजल होती. ती कशी लावायची यावरून देशोदेशी पंथ पडलेत, हे भाच्याने सांगितलं. एक पंथ मधोमध वाटाण्याएवढा थेंब ठेवतो. दुसऱ्याचं तांदळाच्या दाण्यावर भागतं. तिसरा फुली मारतो, तर चौथा छोट्या पट्टीने कडेपर्यंत सारवतो आणि बाकीच्यांना अडाणी समजतो. वरून कूलर दाबून स्क्रू आवळले, की वाटाणा काय आणि फुली काय, सगळ्यांचा सारखाच चपटा थर होतो. पण हे बोलून दाखवलं तर चारही पंथ एक होऊन तुमच्यावर येतात.

पेस्टची गरज मात्र खरी आहे. प्रोसेसरचं झाकण आणि कूलरचा तळ दिसतात गुळगुळीत, पण बारकाईने पाहिलं तर दोन्हींवर खाचखळगे असतात आणि त्यांत हवा दडून बसते. हवेइतकी कामचुकार वस्तू नाही. उष्णता वाहून नेण्याच्या मापात तांबं ४०० च्या घरात, तर हवा ०.०२६ वर. पेस्टने त्या हवेला हुसकून तिथे बसायचं, बस्स. लग्न जमवणाऱ्या मध्यस्थासारखं तिचं काम: गाठ घालून द्यावी आणि नंतर मधेमधे करू नये. थर जाड झाला की तीच आडवी येते.

आता ट्यूबवरचे आकडे. एकीवर ८.५, दुसरीवर १२.५. भाचा हे आकडे दहावीच्या टक्क्यांसारखे वाचून दाखवतो. पण थर इतका पातळ, की बऱ्या दोन पेस्टांमध्ये शेवटी फरक पडतो दोन-चार अंशांचा. "मामा, चार अंश म्हणजे काय कमी झाले का?" कमी नाहीत, पण आम्ही नागपूरला राहतो आणि हा संवाद मे महिन्यात चालला आहे. खोलीतल्या हवेपेक्षा प्रोसेसर थंड करून दाखवील अशी पेस्ट अजून निघालेली नाही. शिवाय माझा प्रोसेसर करतो काय, तर मराठी टंकलेखन आणि मधूनच एखादी ठुमरी.

तरी भाच्याला हवा होता द्रवधातू. गॅलियम, इंडियम आणि कथील यांचं मिश्रण, आकडा थेट ७३. गॅलियम एकटंसुद्धा ३० अंशांच्या आतच वितळतं, म्हणजे आमच्याकडे उन्हाळ्यात त्याला घट्ट व्हायची सवडच नाही. पण ते विजेचं वाहक. भलत्या जागी थेंब सांडला की मदरबोर्ड गेला. आणि कूलरचा तळ ॲल्युमिनियमचा असला तर गॅलियम त्यात शिरून तो हातानं मोडेल इतका ठिसूळ करतं.

"सोनीनं प्लेस्टेशन ५ मध्ये हेच वापरलंय," भाचा म्हणाला.

"सोनीकडे कारखाना आहे रे. तुझ्याकडे कान कोरायची काडी."

(ती काडी खरोखरच लागते. द्रवधातू कापसाच्या काडीने चोळूनच पसरवतात.)

शेजारच्या काकांनी मधेच दात घासायची पेस्ट सुचवली. चालते म्हणे. चालतेच, तिच्यातलं पाणी वाळेपर्यंत.

मला विचाराल तर वीज न वाहणारी कुठलीही बरी पेस्ट घरच्या यंत्राला पुरते. खोड एकच: यंत्र तापतं-निवतं, धातू फुगतो-आकसतो, आणि पेस्ट हळूहळू कडेला ढकलली जाते. मग पुन्हा खोला, पुसा, लावा. त्यावर उपाय म्हणून एक पातळ पट्टी मिळते. थंड असताना ती घट्ट असते, ४५ अंशांच्या आसपास मऊ होऊन सगळे खळगे भरते आणि सहसा जागा सोडत नाही. हिच्यावर मात्र आमचं एकमत झालं.

पट्टी आली भर दुपारी, कुरिअरवाल्याच्या मोटरसायकलवर तापत. ४५ अंशांना मऊ होणारी वस्तू नागपुरात मे महिन्यात मागवायला नको होती, हे आम्हा दोघांना एकदमच सुचलं. वरची फिल्म सुटेना. भाच्याने पट्टी फ्रिजमध्ये ठेवली.

"हे काय? खायचं आहे का?" बायकोने विचारलं.

"नाही मामी, थंड झालं की फिल्म नीट निघते. पंधरा मिनिटं फक्त."

"आमरसाच्या पातेल्याला लागू देऊ नको. आणि आठवणीनं काढ. तुझ्या मामांनी थंडीत ठेवलेलं दोडक्याचं बी अजून तिथेच आहे."